पुरवणी जबाब

११ फेब्रुवारी २०२४

रविना,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस म्हणून कागदावर लिहितो. नाशिकच्या तुझ्या दवाखान्याच्या होस्टेलचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. देताना ती म्हणाली, "भांडण लिहू नका." भांडण लिहीत नाही. इकडची माहिती कळवतो.

सपनाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. कमलेश कोठडीतच आहे. त्या संध्याकाळी सपना एसटीने फाट्यावर उतरली आणि चढाच्या वाटेने गावात येत असताना त्याने तिला गाठलं, एवढं तुला माहीत आहे. पुढचं ऐकायला तू थांबली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच ठाण्यात जाऊन बाकड्यावर बसला. कोणी धरून नेला नाही. कोयता त्याच्या जीपमध्ये सीटखाली होता. पंचनाम्याच्या वेळी गावचा पोलीस पाटील म्हणून मी हजर होतो.

लोक फार चिडले आहेत. मोखाड्याला तहसीलवर मोर्चा नेला. मी पुढे होतो. पेपरात फोटो आला, कात्रण सोबत ठेवलं आहे. निवेदनाचा मजकूर मीच केला. "सदर आरोपीस फाशीची शिक्षा व्हावी, जेणेकरून पुन्हा कोणाचीही असे कृत्य करण्याची हिंमत होणार नाही." गुरुजींनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. आता गावोगाव सह्या घेत आहे. पहिला अंगठा सपनाच्या आईचा घेतला. गंगीच्या बोटाला मीच शाई लावली. नंतर तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

तू जाताना अंगणात चार माणसांसमोर मला विचारलंस, "सपना तुमच्याकडे आली होती का?" मी तेव्हाच सांगितलं, आली नव्हती. पोलिसांच्या जबाबातही तसंच दिलेलं आहे. तुझ्या मैत्रिणीने, सपनाने, तुला फोनवर वेगळं काही सांगितलं असेल तर ते तिच्या मनाचं असेल. हा विषय पुन्हा काढू नये.

तुझी आई बरी आहे.

तुझा बाबा


३ मार्च २०२४

रविना,

पत्र पोचलं असं तुझ्या आईने फोनवर विचारून सांगितलं. वाचलंस की नाही, ते तिने सांगितलं नाही.

आतापर्यंत सहाशे चौदा सह्या आणि अंगठे झाले. खोडाळ्याच्या बाजारात एका दिवसात दीडशेच्या वर झाल्या. लोक पिशव्या खाली ठेवून सही करतात. एक जण म्हणाला, चौकात लटकवा, म्हणजे सगळे सुधारतील. दुसरा म्हणाला, लटकवायला पंधरा वर्षं लावतील, तोवर कोणाच्या लक्षात राहणार? तरी दोघांनीही सही केली.

नवशीकडे गेलो, हापशीवर होती. तिच्याबरोबर आणखी पाच-सहा बाया. नवशीने सही केली आणि म्हणाली, "पाटील, याच्यात आणखी एक लिव. शेवटच्या एसटीनं पोरी येतात, त्यांना फाट्यापासून वर आणायला कोण येणार, ते लिव."

मी म्हणालो, हे फाशीचं निवेदन आहे, त्यात ते बसत नाही.

ती म्हणाली, "नाय बसत तर दुसरा कागद कर."

बाया हसल्या. मी पुढच्या घरी गेलो.

परवा जव्हारला कागदांच्या झेरॉक्स काढायला रफीककडे गेलो होतो. त्याचं दुकान जीपच्या स्टँडसमोर आहे. त्यानेही सही दिली. पण म्हणाला, "पाटील, कमलेश इथंच जीप लावून माझ्या टीव्हीवर बातम्या बघायचा. फाशीची बातमी लागली की आवाज वाढवायला सांगायचा. हेच पाहिजे साल्यांना, म्हणायचा. त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?"

"मग सही का देतोस?" मी विचारलं.

"सगळ्या स्टँडनं दिली. मी एकट्यानं नाही दिली तर उद्या विचारतील, रफीक कोणाच्या बाजूचा?"

त्याची बायको मुनिरा मागच्या खोलीत शिवणकाम करते. सपना तिच्याकडेच कामाला होती. मुनिराने सही केली नाही. कारण सांगितलं नाही.

हजार पूर्ण झाल्या की कलेक्टर साहेबांना देणार.

तुझा बाबा


२२ मार्च २०२४

रविना,

शिमगा दोन दिवसांवर आला आहे. या वर्षी गावात ढोल वाजवायचा नाही असं ठरलं. तू येणार नाहीस, हे तुझ्या आईला वाटतं. मलाही वाटतं.

आज एक गोष्ट घडली, ती लिहितो.

आपल्या गावातली सगळी घरं झाली होती, एक सोडून. कमलेशच्या आईचं, कोंडीचं. त्या घरी कागद न्यायचं काही कारण नव्हतं. मी तिच्या कुडाच्या घरावरून पुढे चाललो होतो, तर तिने आतून नावाने हाक मारली.

"तुका, माझ्या घरी नाय आलास?"

मी थांबलो. ती बाहेर आली. खूप वाळली आहे. गावात तिच्याशी कोणी बोलत नाही. हापशीवर सगळ्या बाया निघून गेल्या की ती जाते.

"काय लिवलंस त्या कागदात, वाचून दाखव."

मी म्हणालो, "जाऊ दे कोंडी."

"सगळ्यांना वाचून दाखवलास. मना पण दाखव."

मी वाचलं. "पुन्हा कोणाचीही असे कृत्य करण्याची हिंमत होणार नाही," इथपर्यंत वाचलं. तिने नीट ऐकून घेतलं. रडली नाही.

मग म्हणाली, "फाशी त्यानं कधी बघितली? तो फाशीला नाय भ्यायचा. तुला भ्यायचा. दारू पिऊन आला ना, तर तुझ्या घरावरनं जीप बंद करून ढकलत आणायचा. पाटलाला आवाज नको जायला, म्हणून. तू एकदा त्याला अंगणात उभा करून बोलला असतास तर तो मुतला असता."

मी कागदाची घडी घातली.

"मी तुझ्याकडं येणार होती," ती म्हणाली. "पोरीच्या मागं लागलाय, तू बोल, असं सांगाया. मग कळलं का ती स्वतःच येऊन गेली. म्हटलं, मग झालं. आता पाटील बोलंल."

त्यानंतर ती घरात गेली. मी कागद घेऊन घरी आलो. आज सह्या घेतल्या नाहीत.

तुझा बाबा


२ एप्रिल २०२४

रविना,

मागचं पत्र तू वाचलं असशील तर हे तुला आधीच कळलं आहे. तरी मी माझ्या हाताने लिहिलं पाहिजे.

सपना माझ्याकडे आली होती. दोनदा.

पहिल्यांदा दिवाळीनंतर. मी पडवीत होतो. ती म्हणाली, काका, कमलेश रोज जीप माझ्याबरोबर हळू चालवतो, लग्नाला हो म्हण म्हणतो, नाही सांगितलं तरी ऐकत नाही. मी म्हणालो, "पोरगा कमावता आहे, स्वतःची जीप आहे, वाईट काय आहे? नको असेल तर गप राहा. बोभाटा केलास तर नाव तुझंच जाईल." तिने मान हलवली. तुझी आई घरात होती, तिने चहा दिला. सपनाने कप धुवून ठेवला, नेहमी ठेवायची तसा.

दुसऱ्यांदा नऊ जानेवारीला, मंगळवारी. त्या वेळी तिने मोबाईल पुढे केला. कमलेशचा मेसेज होता. "दुसऱ्या कोणाची झालीस तर ठेवणार नाय." मी चष्मा लावून वाचला. ती म्हणाली, "काका, मी त्याच्या जीपनं येणं बंद केलंय. एसटीची वाट बघते. उतरेपर्यंत अंधारून येतं." मी म्हणालो, "संक्रांत होऊ दे. मग त्याला बोलावतो." ती म्हणाली, "नक्की ना काका?" मी नक्की म्हणालो.

संक्रांत सोमवारी झाली. मंगळवारी मी मोखाड्याला मीटिंगला गेलो. कमलेशच्याच जीपने गेलो. बुधवारी काही केलं नाही. गुरुवारी तिला मारलं.

तू म्हणशील, का नाही बोललात. मी खूप आठवून बघितलं. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. तो माझ्यासाठी पुढची सीट राखून ठेवायचा. मागे दहा-बारा माणसं कोंबलेली असायची, कोणी पुढे बसायला गेलं तर तो म्हणायचा, "ती पाटलांची जागा." त्या मंगळवारी जाताना त्याच्याशी बोलायचं माझ्या मनात होतं. तो हसून बोलत होता, गाडी भरलेली होती. म्हटलं, येताना बोलू. येताना दुसऱ्या जीपने आलो.

मुनिराने सही केली नाही, त्याचं कारण तिने सांगितलं होतं. मी तुला खोटं लिहिलं. मशीन थांबवून तिने मला विचारलं, "पोलीस पाटील तुम्हीच ना? सपना म्हणायची, आमच्या पाटलांना सांगितलंय, ते बोलणार आहेत त्याच्याशी. तुम्ही बोललात का?" मी म्हणालो, सह्यांचं काम आहे, घाई आहे. ती म्हणाली, "मग मला यात नका घेऊ." आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

घरोघर कागद घेऊन फिरताना मला बरं वाटत होतं, हेही लिहितो. लोक माझ्याभोवती जमायचे. सगळे कमलेशबद्दल बोलायचे. तेवढा वेळ माझ्याबद्दल कोणी विचारणार नाही, असं वाटायचं.

तुझ्या आईला सगळं माहीत होतं. त्या दिवशी अंगणात मी नाही म्हणालो तेव्हा ती दारातच उभी होती. तिने मला खोटं पाडलं नाही. तिला बोलू नकोस. मीच तिला तसं ठेवलं होतं.

तुझा बाबा


२१ एप्रिल २०२४

रविना,

तुझ्या आईने तुझा निरोप दिला. "मला लिहून काय होणार, गंगीमावशीला सांगितलं का?" एवढाच. त्यावर मी दहा दिवस काढले. काल गेलो.

गंगी ओट्यावर नागली पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दिवाळीनंतरचं, नऊ जानेवारीचं, मेसेजचं, जीपचं. जसं तुला लिहिलं तसंच. तिने सूप हलवणं थांबवलं नाही. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली.

ती म्हणाली, "ऐकलं मी."

पाखडता पाखडता म्हणाली, "तू कागद घेऊन पहिला माझ्याच घरी आलास. माझ्या बोटाला शाई लावलीस. मी तुझा हात धरून रडली. तवा तुला कसं वाटलं?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"मना वाटलं, आपल्या बाजूचा एक तरी माणूस हाय."

मग तिने सूप बाजूला ठेवलं. "पोर घरी येऊन सांगायची, काका बोलणार हायेत. मी म्हटलं, मग मी कशाला जाऊ कमलेशच्या घरी भांडायला? मी गेली असती, तुका. विळा घेऊन गेली असती. तू बोलणार म्हणून नाय गेली."

हे मला माहीत नव्हतं. न बोलता मी फक्त स्वतःला थांबवलं असं मी समजत होतो. मी तिलाही थांबवलं होतं.

शेवटी ती म्हणाली, "आता माझ्या दारात येऊ नको. पण पोलिसांना सांग. कोर्टात पण सांग. माझी पोर गप बसली नव्हती, तिनं सांगितलं होतं, हे सगळ्यांना कळू दे. लोक म्हणतात, तिनं आधी का नाय सांगितलं. त्यांना कळू दे."

आज सकाळी ठाण्यात गेलो. तपासाच्या साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी फाइलमधून माझा आधीचा जबाब काढला. मग म्हणाले, "पाटील, आधीच्या जबाबात तुम्ही तक्रार आली नव्हती म्हटलंय. आता पुरवणी जबाब घ्यावा लागेल. मेसेजचा पुरावा मोबाईलमध्ये आहेच, पण ती घाबरलेली होती आणि तिने सांगितलं होतं, हे तुमच्या तोंडून येईल. त्याला जड जाईल. तुम्हालाही जाईल."

मी म्हणालो, घ्या.

जबाब दोन पानांचा झाला. वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणून सही केली. इतकी वर्षं मी लोकांचे जबाब लिहून घेताना बाजूला बसलो. आज खालची सही माझी होती.

तुझा बाबा


१५ सप्टेंबर २०२४

रविना,

प्रांत साहेबांच्या ऑफिसातून पत्र आलं. मला पोलीस पाटील पदावरून कमी केलं. त्याआधी खुलासा मागवला होता, मी खुलाशात सगळं मान्य आहे असं लिहिलं. दारावरची पाटी काढून ठेवली आहे.

गावात दोन तऱ्हा झाल्या. काही लोक माझ्याशी बोलत नाहीत. ते ठीक आहे. दुसरे मला येऊन समजावतात, ते जास्त जड जातं. मोर्चात माझ्याबरोबर पुढे चालणारा गोरख म्हणाला, "कशाला सांगत बसलास? आता ते पेपरवाले तुझ्यावर लिहितात, कमलेश राहिला बाजूला. आपल्याला फाशी पाहिजे का नको?"

मी विचारलं, "फाशी कशाला पाहिजे आपल्याला?"

"पुन्हा कोणी करू नये म्हणून."

"सपनाच्या आधी देशात फाशी नव्हती का?"

तो म्हणाला, "होती, पण देत नाहीत ना. पटापट दिल्या तर भीती बसंल." त्याचं खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. मला ठाऊक नाही. मी एकाच माणसाबद्दल सांगू शकतो, आणि त्याच्या बाबतीत जे करायचं ते माझ्या हातात होतं. गोरखला हे ऐकायचं नव्हतं. त्याच्या घरात दोन मुली आहेत, त्याला कसली तरी खात्री पाहिजे. मी त्याला ती देऊ शकलो नाही.

सह्यांचा गठ्ठा तोच घेऊन गेला. हजार पूर्ण करून त्याने कलेक्टर कचेरीत दिला. निवेदन मिळाल्याचा शिक्का घेऊन आला. मजकूर माझाच होता.

नवशी आणि तीन-चार बाया मात्र शेवटच्या एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसतात. बॅटरी आणि काठी घेऊन. पोरी उतरल्या की सगळ्या मिळून वर येतात. मी एकदा जाऊन विचारलं, मी येऊ का? नवशी म्हणाली, "तू नको. पोरी तुला बघून गप होतील."

तुझा बाबा


३० नोव्हेंबर २०२५

रविना,

वर्षाहून जास्त झालं, पत्र लिहिलं नाही. तुझी खुशाली तुझ्या आईकडून कळते. तू फोनवर बोलतेस तेव्हा मी पडवीत असतो.

निकाल लागला. जन्मठेप. तुझ्या आईने तुला कळवलंच असेल. कोंडी निकालाला आली नव्हती. गंगी होती. तिने वकिलाला विचारलं, जन्मठेप म्हणजे किती? त्याने समजावलं. ती म्हणाली, बरं.

खोडाळ्याच्या बाजारात लोक चिडले आहेत. कायदा झोपला आहे म्हणतात, आता कोणालाच भीती राहिली नाही म्हणतात. शिक्षा वाढवून मागायला वरच्या कोर्टात जावं म्हणून गोरखने नवीन कागद काढला आहे. तो गंगीकडेही गेला होता. ती त्याला म्हणाली, "मी दमली." तिने अंगठा दिला की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी कोण?

माझ्याकडेही आणला. मी सही केली नाही. गोरख म्हणाला, तुला त्या खुन्याची दया आली. दया आली नाही. कमलेशला मोठ्यातली मोठी शिक्षा मिळावी असं मला त्या फेब्रुवारीत जितकं वाटत होतं, तितकं आजही कधीकधी वाटतं. पण तसं वाटलं की मी सावध होतो. कारण त्या वेळी मला ते कशासाठी वाटत होतं, हे आता मला माहीत आहे.

आता माझ्या साक्षीबद्दल. जुलैमध्ये झाली. त्यानंतर तर लिहायला बसलो तरी लिहिता आलं नाही.

तू येणार आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा मागच्या बाकावर तू गंगीशेजारी बसलेली दिसलीस. दीड वर्षाने तुला बघत होतो. केस कापलेत. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं मी नीट सांगितलं. मग कमलेशचे वकील उठले. तरुण होते, आवाज चढवत नव्हते. माझी साक्ष बनावट आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. तेव्हा जे झालं ते तू ऐकलंस. तरी मी लिहितो, कारण त्यातलं शेवटचं तू ऐकलं नाहीस.

ते म्हणाले, "तुम्ही म्हणता, मुलीने तुम्हाला ठार मारण्याच्या धमकीचा मेसेज दाखवला. आणि तुम्ही, गावचे पोलीस पाटील, काही केलं नाही. कोणी विश्वास ठेवेल? पाटील, तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे."

"तिला असा मेसेज आला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्याच दिवशी ठाण्यात गेलो असतो."

"संक्रांतीची वाट बघितली असती?"

"नाही. तासभरसुद्धा नाही."

तू तेव्हा उठून बाहेर गेलीस. दार लागल्याचा आवाज मला आला.

वकील म्हणाले, "मग सपनाच्या वेळी तुम्ही गेला नाहीत, याचा अर्थ तिने असा कुठला मेसेज तुम्हाला दाखवलाच नव्हता. बरोबर?"

मी म्हणालो, "दाखवला होता. मी वाचला होता."

"मग का नाही गेलात?"

कोर्टात पंखा फिरत होता. गंगी माझ्याकडे बघत होती. कमलेशही बघत होता, त्याची दाढी वाढली होती. मी म्हणालो, "ती माझी मुलगी नव्हती, म्हणून."

वकील खाली बसले. जज साहेबांनी ते वाक्य टायपिस्टला सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं नाही.

तुझा बाबा